पाहुण्याचे देणे

जुन्नर तालुक्याला परदेशी माणूस नवा नाही. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून घाटमाथ्यावर येई आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. त्या मालाबरोबर माणसेही वर आली, काही येथेच रेंगाळली, आणि त्यांच्यापैकी तिघांची नावे जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत ‘यवन’ या शब्दासह कोरलेली आहेत. पंधराव्या शतकात त्वेर या रशियन नगराचा व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरून पावसाळ्याच्या दिवसांत जुन्नरला पोहोचला. सतराव्या शतकाच्या आरंभी येथून निजामशाहीचा कारभार पाहणारा मलिक अंबर जन्माने हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला होता. आणि आज खोडद परिसरात पसरलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणे करता यावीत म्हणून देशोदेशींचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करीत असतात.

या सर्वांहून वेगळा असा एक परदेशी अलीकडे या भागात येऊ लागला आहे. तो विशीच्या आतबाहेरचा असतो, त्याला व्यापार करायचा नसतो, संशोधनही करायचे नसते, आणि तो धर्मशाळेत किंवा लॉजवर न उतरता कुटुंबात उतरतो. कुटुंबात उतरण्याच्या या प्रथेला जगात मात्र आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली आहेत. कुटुंबात राहून परका देश समजून घ्यावा, या कल्पनेवर अमेरिकेत १९३२ साली एक प्रयोग सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांच्या आदानप्रदान योजना, म्हणजे एका देशातील शाळकरी मुलाने दुसऱ्या देशातील कुटुंबात राहून तेथील शाळेत शिकण्याच्या योजना, वाढीस लागल्या. रोटरीच्या अशा योजनेत विद्यार्थी सुमारे वर्षभर राहतो आणि त्या काळात सहसा एकाहून अधिक घरे बदलतो. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘वूफ’ चळवळीत पाहुणा शेतावर काम करतो आणि त्या बदल्यात जेवण व निवारा मिळवतो, तर २००४ साली आलेल्या ‘काउचसर्फिंग’ने अनोळखी माणसाच्या घरी विनामूल्य मुक्काम करण्याची सोय इंटरनेटवर आणली. इकडे राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका ठरवले आणि २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले, त्यामुळे पाहुणा ठेवून घेणे हा काही घरांपुरता जोडधंदाही झाला.

अशा पाहुण्याला काय दाखवावे, या प्रश्नावर येथे दोन व्यक्तींचा संवाद कल्पिला आहे. एक आहेत तालुक्याच्या पूर्वेकडील बागायती पट्ट्यात राहणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात आणि लेण्यांचा व शिलालेखांचा ज्यांचा अभ्यास आहे. दुसऱ्या आहेत पश्चिमेकडील भाताच्या पट्ट्यातील एक घरधनीण. त्यांच्या यजमानांशी असलेल्या जुन्या स्नेहामुळे गुरुजी त्यांना वहिनी म्हणतात, आणि परदेशी मुलामुलींना त्यांनी अनेकदा घरी ठेवून घेतलेले आहे.

गुरुजी : वहिनी, घरी आलेल्या परक्या मुलाला आपला प्रदेश दाखवणे ही करमणूक नव्हे, ती यजमानाची जबाबदारी आहे. तो मुलगा तीन आठवडे राहून परत जातो तेव्हा त्याच्याजवळ काय असते? रस्त्यावर बसलेली गाय, मसाल्याचा डबा आणि कुंकू लावून घेताना काढलेला फोटो, एवढ्यावर त्याचा महाराष्ट्र संपतो. त्याला आधी नाणेघाटात नेले पाहिजे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख दाखवला पाहिजे, त्या लेखातले अंक दाखवले पाहिजेत, कारण आज सारे जग ज्या अंकांनी हिशेब करते त्यांच्या पूर्वजांपैकी काही तेथे भिंतीवर आहेत. मग तुळजा लेण्यातला बारा खांबांचा गोल चैत्य, मग लेण्याद्री, मग १६३० साली शिवरायांचा जन्म झाला तो शिवनेरी, आणि शेवटी खोडद. हा क्रम पाळला, तर दगडावरच्या आकड्यापासून आकाशातल्या रेडिओ लहरीपर्यंतची साखळी एका तालुक्यात त्याच्या हाती लागते.

वहिनी : साखळी तुमच्या हाती लागते, गुरुजी, त्याच्या हाती पायदुखी लागते. नाणेघाटातल्या गुहेत राजाराण्यांच्या मूर्ती होत्या, असे तुम्हीच सांगता, पण आज तेथे मूर्तींच्या पायांच्या खुणा आणि वर नावे, एवढेच उरले आहे. वीस वर्षांच्या पोराने पायांच्या खुणा पाहून काय समजायचे? त्याला आधी घर समजू द्यावे. येथे उंबऱ्याबाहेर चप्पल का काढतात, पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या का देतात, सासू समोर आली की सून का उठते आणि आता कुठे कुठे का उठत नाही, हे त्याला कोणत्या लेण्यात दिसणार आहे?

गुरुजी : ते त्याला न दाखवताही दिसते. न दाखवता दिसत नाही ते इतिहासातले. लेण्याद्रीचेच पाहा. बौद्ध भिक्षूंच्या विहारात, म्हणजे त्यांच्या निवासाच्या लेण्यात, आज अष्टविनायकांपैकी एक गणपती आहे. हे कोणी उलगडून सांगितले नाही, तर पाहुणा पायऱ्या मोजत वर जातो, माकडांपासून खाऊ सांभाळत खाली येतो, आणि एकाच खडकावर दोन धर्मांचे दोन काळ कसे नांदले, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. दाखवणे म्हणजे बोट दाखवणे नव्हे, संदर्भ देणे.

वहिनींचा आक्षेप मात्र संदर्भावर नव्हता, तो निवडीवर होता. गुरुजींच्या यादीत जे आहे ते सारे दगडाचे आहे आणि जे नाही ते सारे हाडामांसाचे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. यादीत डोंगरातल्या वाड्या नाहीत. उन्हातान्हात हिरडा वेचणारी कुटुंबे नाहीत, ज्यांच्या वर्षाच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग त्या एका औषधी फळावर अवलंबून असतो. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार नाही. आणि नारायणगावला जत्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपारी देतात, म्हणजे खेळाचा करार करून आगाऊ रक्कम ठरवतात, तेही यादीत नाही. वास्तविक विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यामुळे त्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. “परक्या मुलीला राहुटीत नेणे बरे दिसत नाही, असे तुम्ही म्हणाल,” वहिनी म्हणाल्या, “पण बरे दिसत नाही ते कोणाला? तिला नव्हे, आपल्याला.” गुरुजींनी यावर काही काळ उत्तर दिले नाही, आणि पुढे जे दिले ते तमाशाविषयी नव्हते, हा त्यांच्या बाजूचा कच्चा दुवा होता असेच म्हणावे लागते.

येथे समाजशास्त्रातील एका संकल्पनेचा उल्लेख आवश्यक ठरतो. अर्विंग गॉफमन या अभ्यासकाने माणसांच्या परस्पर वागण्याची तुलना नाटकाशी केली आणि रंगमंचाचा दर्शनी भाग व पडद्यामागचा भाग असा भेद मांडला. डीन मॅककॅनेल यांनी १९७३ साली हा भेद पर्यटनाला लावून असे दाखवले, की प्रवाशाला पडद्यामागचे, खरेखुरे जगणे पाहण्याची ओढ असते, आणि ती ओढ ओळखूनच यजमान पडद्यामागचा एक भाग पुन्हा दर्शनी म्हणून सजवतो; या सजवलेल्या खरेपणाला मराठीत ‘मंचित अस्सलपणा’ म्हणता येईल. फेटा बांधून स्वागत, बैलगाडीतून शेताची फेरी, चुलीवरची भाकरी थापताना पाहुण्याच्या हातात दिलेला पिठाचा गोळा, ही त्याची आपल्याकडची परिचित रूपे होत. गुरुजींना हा युक्तिवाद ठाऊक होता आणि त्यांनी तो नेमका वहिनींवर उलटवला.

गुरुजी : घर दाखवणे हेही दाखवणेच झाले. तुमच्या घरी रोज गॅसवर स्वयंपाक होतो, पण परदेशी पाहुणा आला की मागची चूल सारवली जाते, हे खोटे आहे का? शिवनेरी निदान कोणासाठी सारवलेला नसतो.

वहिनी : चूल सारवली जाते, कारण मासवडीचा रस्सा चुलीवर चांगला होतो. बेसन शिजवून ते कापडावर थापायचे, त्यात तीळ, सुके खोबरे आणि लसणाचे सारण भरायचे, माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या, ही दोन तासांची यातायात रोज कोण करील? पाहुणा आला की ती होते. मुंबईचा मेहुणा आला तरी होते. पाहुण्यासाठी घर थोडे सजणे हा खोटेपणा नव्हे, तो पाहुणचार आहे. खोटेपणा तेव्हा होतो, जेव्हा पाहुणा गेल्यावर आपण आपल्याच घराकडे त्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो, आणि मुलगी म्हणते की आई, भिंतीवरचे ते कॅलेंडर काढ, परदेशी लोकांना साधी मातीची भिंत आवडते.

शेवटच्या वाक्यातील निरीक्षण संवादाच्या ओघात सहज आले असले, तरी ते हलके नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन अरी यांनी १९९० साली ‘पर्यटकाची नजर’ ही कल्पना मांडली तेव्हा त्यांचा रोख असा होता, की ही नजर निरागस नसते. चित्रे, जाहिराती आणि आधीच्या प्रवाशांची वर्णने यांनी ती घडवलेली असते, आणि तिच्यासमोर राहणारा समाज हळूहळू तिच्या अपेक्षेप्रमाणे स्वतःला बदलून घेतो. कॅलेंडर काढायला सांगणारी मुलगी हे त्याचे घरगुती उदाहरण ठरते.

गुरुजींनी नजरेचा हा मुद्दा मान्य केला, परंतु ती एकाच दिशेने जाते हे मान्य केले नाही, आणि त्यासाठी निकितिनचा दाखला दिला. इ. स. १४७०च्या आसपास बहमनी राज्यात आलेल्या या रशियनाने आपल्या प्रवासाचा जो वृत्तांत लिहून ठेवला, त्यात चौलला उतरल्यावर गोऱ्या माणसाचे नवल वाटून लोक आपल्या मागे मागे फिरत होते, अशी नोंद आहे. म्हणजे पाहायला आलेला माणूसच येथे पाहण्याची वस्तू झाला. जुन्नरला तो पावसाळ्यात दोन महिने राहिला. पाऊस आणि चिखल, लोकांचे पेहराव, घोड्यांना साखर घालून शिजवलेली खिचडी चारण्याची पद्धत, डोंगरावर चढणारी आणि दोघांना शेजारी चालता येणार नाही अशी अरुंद वाट, असे कितीतरी तपशील त्याने टिपले. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलला तर घोडा व वर सोन्याची नाणी, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही, असा पेच त्याच्यापुढे टाकला; एका खुरासानी मुसलमान परिचिताने मध्यस्थी केली म्हणून तो त्यातून सुटला.

वहिनी : मग तुमच्याच तोंडून उत्तर आले. त्या माणसाला कोणी काही दाखवले नव्हते, तरी घोड्याची खिचडी त्याच्या नजरेतून सुटली नाही. राहिला म्हणून त्याला दिसले.

गुरुजी : दिसले खरे, पण समजले किती? त्याच वृत्तांतात माकडांना राजा असतो आणि तो फौज घेऊन लढाईला निघतो, असेही त्याने लिहून ठेवले आहे. शेजारी बसून समजावणारा कोणी असता, तर वानरसेनेची कथा आणि रानातली वानरे यांची सरमिसळ झाली नसती. राहण्याने डोळे भरतात, वहिनी. अर्थ कोणीतरी सांगावा लागतो. परदेशातून फलटणला आलेल्या मॅक्सीन बर्नसन किंवा कासेगावला स्थायिक झालेल्या गेल ऑम्व्हेट यांना हा समाज कळला तो नुसता मुक्काम करून नव्हे, तर अभ्यास करून.

वहिनी : अभ्यास करून कळला, हे खरे, पण त्या दोघी येथे पाहुण्या उरल्या नाहीत, हेही तेवढेच खरे. एकीने येथे शाळा उभी केली, दुसरीने चळवळीत आयुष्य घातले. त्यांनी येथले काही घेतले तसे येथे काही ठेवले. आपल्याकडे येणाऱ्या पोराला आपण काहीच ठेवू देत नाही. ताट उचलू लागला तर त्याच्या हातातून काढून घेतो, भाजी निवडू लागला तर खुर्ची देतो, पैसे द्यायला लागला तर तोंड फिरवतो. मग तो बिचारा नुसता पाहात बसतो. पाहण्याशिवाय त्याला आपण काही शिल्लकच ठेवलेले नसते.

या ठिकाणी संवादाचा रोख बदलला. काय दाखवावे हा प्रश्न मागे पडला आणि पाहुण्याकडून काय घ्यावे हा प्रश्न पुढे आला, जो यजमानधर्माच्या चर्चेत सहसा अनुच्चारित राहतो. पैशांबाबत दोघांच्या भूमिका अपेक्षेच्या उलट होत्या. घरी जेवलेल्या माणसाकडून पैसे घेणे गुरुजींना कमीपणाचे वाटे. वहिनींना त्यात काही वावगे वाटत नव्हते, उलट ज्याच्याकडून काहीच घेता येत नाही तो पाहुणा घराला जड होतो आणि पैसे देणाऱ्याला निदान भाजीत मीठ कमी पडल्याचे सांगता येते, असे त्यांचे मत होते. (परदेशी व्यक्ती घरी उतरली की चोवीस तासांच्या आत तिची नोंद परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे कळवावी लागते, ‘सी-फॉर्म’ या नावाने परिचित असलेले हे काम मात्र पाहुणा पैसे देवो वा न देवो, यजमानालाच करावे लागते.) मुलींच्या बाबतीत घरच्या मुलीला जो नियम तोच पाहुणीला, यावर दोघांचे एकमत होते, आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने फिरू नये हा नियम तर तालुक्यातल्या बिबट्यांनीच घालून दिलेला असल्याने त्यावर चर्चेला जागा नव्हती.

गुरुजी : पाहुण्याने काही द्यावे, हे मनाला पटत नाही. आपली परंपरा घेण्याची नाही.

वहिनी : मग तुमच्या त्या शिलालेखांतले परदेशी काय करीत होते?

प्रश्न गुरुजींच्या अभ्यासाच्या अंगणातला होता. जुन्नरच्या लेण्यांत ज्या तीन यवनांची नावे येतात, त्यांच्यापैकी शिवनेरीवरील लेण्यांत नोंद असलेल्या इरिल याने पाण्याची दोन टाकी, म्हणजे खडकात खोदलेले साठवणीचे हौद, दिले आहेत. चिट याने संघासाठी भोजनमंडप, म्हणजे भिक्षूंनी एकत्र बसून जेवण्याचे दालन, दिले आहे. आणि मानमोडी डोंगरावरील चंद याच्या लेखात लेण्याच्या दर्शनी भागाचे दान नोंदलेले आहे. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठी वापरला जात असे आणि पुढे तो पश्चिमेकडून आलेल्या परक्यांना सरसकट लागू झाला; यातील दोघांच्या नावांना जोडून येणाऱ्या ‘गत’ या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु दानाला वापरलेला शब्द स्पष्ट आहे. ‘देयधम’, म्हणजे संस्कृतातील देयधर्म, हा शब्द येथील स्थानिक दात्यांच्या लेखांत जसा येतो तसाच या परक्यांच्या लेखांतही येतो. दात्याच्या मुळावरून दानाला वेगळे नाव दिलेले नाही.

गुरुजी : तो धर्मदानाचा प्रकार होता, वहिनी. पुण्यासाठी दिलेले दान आणि पाहुणचाराची परतफेड या दोन गोष्टी एक नव्हेत. ते तिघे संघाचे उपासक असावेत. आपला पाहुणा आपल्या घराचा उपासक नाही.

वहिनी : भेद असेल. पण परक्या मुलखातून आलेल्या माणसाने इतरांना जेवायला जागा करून दिली आणि येथल्या लोकांनी ती घेतली, एवढे तरी खरे ना? त्या मंडपात नंतर किती पिढ्या जेवल्या असतील. आपण तर पोराला ताटही धुऊ देत नाही.

गुरुजींनी हे नाकारले नाही. त्यांनी केवळ इतकेच विचारले, की वीस वर्षांच्या, तीन आठवड्यांसाठी आलेल्या आणि भाषा न येणाऱ्या मुलाने द्यायचे तरी काय. वहिनींचे उत्तर ठरलेले होते. आषाढात त्यांच्या खाचरांत आवणी चालते, म्हणजे रोपवाटिकेतली भाताची रोपे उपटून चिखल केलेल्या खाचरात पुन्हा लावली जातात. त्या दिवसांत घरात जो असेल तो चिखलात उतरतो, आणि पाहुणाही उतरतो. वहिनींच्या मते त्या चार दिवसांत त्याला मराठीचे जेवढे शब्द येतात तेवढे गडावर फिरून येत नाहीत, कारण गडावर त्याच्याशी बोलले जाते आणि खाचरात त्याला हाका मारल्या जातात.

गुरुजी : आणि त्याने लावलेली ओळ सरळ येते?

वहिनी : कशाची येते! एक रोप खोल जाते, दुसरे तरंगते, दोन रोपांच्या मध्ये बैल बसेल एवढी जागा राहते. तो संध्याकाळी आंघोळीला गेला की बायका ती ओळ पुन्हा लावून घेतात.

गुरुजी : म्हणजे त्याचे देणे तुम्ही त्याच्या पाठीमागे काढून टाकता. नाणेघाट निदान जसा आहे तसा दाखवला जातो. तुमच्या खाचरात तर पडद्यामागे आणखी एक पडदा आहे.

वहिनी : त्याला कळत नाही असे कुठे आहे? सकाळी बांधावर उभा राहिला की आपली ओळ सरळ झालेली त्याला दिसतेच. काही पोरे ते पाहून हसतात आणि पुन्हा रोपांची जुडी उचलतात. काहींना मग तुमच्याबरोबर नाणेघाटात जावेसे वाटते. त्यांना पाठवून देऊ, पण दुपारनंतर, कारण सकाळी खाचरात पाणी भरलेले असते आणि माणसे कमी असतात.